तालमीतली शिस्त घरी आल्यावर टिकते का?

प्रश्न : एक पालक
माझा मुलगा १४ वर्षांचा आहे आणि गेल्या जूनपासून कोल्हापुरातल्या एका तालमीत राहून कुस्ती शिकतो आहे. दिवाळीला घरी आला तेव्हा पहिले चार दिवस आम्ही त्याच्याकडे पाहतच राहिलो. कुणी हाक न मारता तो पहाटे साडेचारला उठायचा, अंथरुणाची घडी घालायचा, स्वतःचा लंगोट धुऊन दोरीवर वाळत टाकायचा, आणि आजोबा समोर असताना पाय पसरून बसायचा नाही. पाचव्या दिवसापासून मात्र एकेक गोष्ट सुटत गेली आणि सुट्टी संपता संपता तो नऊ वाजता उठू लागला. मग हे सगळे केवळ वस्तादांच्या धाकाने होत होते का? मी स्वतः कधी मातीत उतरलेलो नाही, म्हणून ज्यांनी तालमीत वर्षे काढली आहेत त्यांना विचारतो आहे.

उत्तर : जुना पैलवान
धाकाने आलेले सुटते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. वयाच्या अकराव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत मी तालमीत होतो. उशीर झाला की आमचे वस्ताद पाठीवर छडी ओढत, आणि आज मला त्या छडीचे समर्थन करता येत नाही, कारण तिने मला उठवले, पण उठण्याची गोडी लावली नाही. तालीम सोडल्यावर महिनाभरात माझे पहाटेचे जोर आणि बैठका बंद पडल्या.

जे टिकले ते हौद्यामुळे, म्हणजे कुस्ती खेळायच्या मातीच्या आखाड्यामुळे. आमच्याकडे नव्या पोराला सुरुवातीचे काही महिने डाव शिकवत नसत. त्याने फावडे घ्यायचे, रात्रभरात घट्ट बसलेली लाल माती उकरायची, ढेकळे फोडायची आणि पायाने चाचपून खडा राहिला नाही याची खात्री करायची, कारण त्या खड्यावर दुसऱ्याची पाठ पडणार असते. मातीत ताक, तेल, लिंबू, कापूर आणि हळद मिसळत. हळद कशाला, असे मी एकदा विचारले, तेव्हा एका मोठ्या पैलवानाने आपले खरचटलेले कोपर दाखवले आणि तीच माती चिमटीत घेऊन त्यावर दाबली.

याच पैलवानाशी माझी रोजची लढत असे. तो ८० किलोंचा आणि मी जेमतेम ४०. मनात आणले असते तर त्याने मला पहिल्याच झटक्यात चितपट केले असते. पण तो पाय किंचित सैल ठेवून मला एकेरी पट, म्हणजे एक पाय धरून पाडायचा डाव, काढू देई, आणि माझी पकड चुकली की तेवढ्यापुरतेच सावरून मला पुन्हा उभे करी. चार वर्षांनी माझ्यासमोर तसेच लहान पोर आले, तेव्हा आपली ताकद किती वापरायची आणि किती राखायची हे मला कुणी सांगावे लागले नाही. आज दूध संस्थेत नव्याने कामाला लागलेल्या मुलाला हिशेब शिकवताना मी तेच करतो.

जाता जाता एक काळजीची गोष्ट. कुस्ती सुटली की खुराकही कमी झाला पाहिजे. तूप, बदाम आणि थंडाई तशीच चालू ठेवून मेहनत थांबवलेले माझे दोन सोबती चाळिशीच्या आत मधुमेहाने खचले. मुलाला हे आत्तापासून सांगा.

उत्तर : ज्यूदो शिकविणारी
मला कुस्तीच शिकायची होती, परंतु मुलगी म्हणून गावच्या तालमीचे दार माझ्यासाठी उघडले नाही, याची खंत आजही आहे. २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तेव्हा मला फार समाधान वाटले.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जपानमध्ये सुरू केलेल्या ज्यूदोत आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीकडे घ्यायची, हात चटईवर आपटायचा आणि डोके जमिनीला लागू द्यायचे नाही. त्यानंतरचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो : पकडीत अडकलेल्याने दोनदा थाप मारली की समोरच्याने त्याच क्षणी हात सोडायचा. आपला गळा दुसऱ्याच्या हातात देताना मूल त्या नियमावर विश्वास ठेवते, आणि दुसऱ्याचा गळा आपल्या हातात असताना तो विश्वास सांभाळते. हे छडीने शिकवता येत नाही. तुमचा मुलगा नऊला उठला म्हणून निराश होऊ नका. धाकट्या भावंडाशी मस्ती करताना तो हात कधी सोडतो, तेवढे पाहा.

उत्तर : कराडचा वाचक
आमच्या भागातले गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवतात. मातीत घडलेला हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सवय नसलेल्या मॅटवर उतरला आणि सहावा आला. मातीत पाय रुततो, मॅटवर तो रुतत नाही, त्यामुळे उभे राहण्यापासून सारे बदलावे लागते. शिवाय मातीतली निकाली कुस्ती पाठ टेकली की संपते, तर मॅटवर गुणांचाही हिशेब असतो. पुढची चार वर्षे त्यांनी त्यासाठी मेहनत केली. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर ७,००० रुपयांना गहाण ठेवले, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्यपदक, आणले. घर आणि तालीम यांतही माती आणि मॅटइतकाच फरक आहे. मुलाला दुसऱ्या जमिनीवर उभे राहायला थोडा वेळ द्या.

पुन्हा : प्रश्न विचारणारे पालक
आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री मुलाशी फोनवर बोललो. उठण्याची वेळ विचारली नाही, हौद्याची चौकशी केली. तो म्हणाला की दिवाळीनंतर आलेल्या एका पोराच्या तळहाताला फावड्याने फोड आले आहेत, म्हणून त्याच्या वाट्याची माती सध्या तोच उकरतो आहे. हे त्याला वस्तादांनी सांगितले का, असे मी विचारले. वस्तादांना अजून माहीतच नाही, असे तो म्हणाला.