लहान कार्यक्रमांसाठी गिटार ॲम्प : १५ वॉट पुरतील का?

सहा_तारा :
नमस्कार. आमचा चौघांचा बँड आहे : ड्रम, बेस, गायिका आणि गिटारवर मी. कोल्हापुरात ताराबाई पार्क परिसरातील कॅफेंमध्ये आणि हॉटेलांच्या लहान हॉलमध्ये साठ-सत्तर श्रोत्यांपुढे आम्ही वाजवतो. सध्याचा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारा स्पीकरसकटचा खोका, १० वॉटचा, सहा इंची स्पीकरचा आहे. राजारामपुरीतील सरावाच्या खोलीत एकट्याने वाजवताना तो गोड वाटतो, परंतु आमचा ड्रमर हलगी वाजवत वाढलेला असल्यामुळे त्याने काठ्या हाती घेतल्या की माझी गिटार मलाच ऐकू येत नाही. फेंडरचा १५ वॉटचा ब्लूज ज्युनिअर किंवा बॉसचा ५० वॉटचा कटाना घेण्याचा विचार आहे. ने-आण दुचाकीवरूनच करावी लागते.

जुना_वादक :
वॉटच्या आकड्याने बिचकू नये. शक्ती दुप्पट झाली की आवाज अवघा ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला तो दुप्पट वाटायला शक्ती साधारण दहापट लागते. म्हणजे १५ आणि ५० वॉटमध्ये कागदावर पाच डेसिबलचेच अंतर आहे. स्पीकरचेही तसेच : एका वॉटला ९७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी १०० डेसिबल देणारा बसवला, तर ॲम्पची शक्ती दुप्पट केल्यासारखेच होते. तुमची खरी अडचण बहुधा तो सहा इंची स्पीकर आहे. हे दोन्ही ॲम्प बारा इंची आहेत.

खरा प्रश्न वेगळाच आहे : तुम्हाला ड्रमच्या जोडीला स्वच्छ सूर हवा आहे की किंचित फाटलेला, म्हणजे डिस्टॉर्शनचा खरखरीत? ब्लूज ज्युनिअरमधील दोन ईएल८४ ट्यूब (आवाजाची शक्ती वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) मर्यादेपाशी पोहोचल्या की सूर हळूहळू दाटतो आणि फाटतो, आणि ब्लूज वाजवणाऱ्याला नेमके तेच हवे असते. मात्र तुमचा ड्रमर तुम्ही म्हणता तसा असेल, तर काचेसारखा स्वच्छ सूर शेवटपर्यंत टिकणार नाही. स्वच्छ सूर हवा असल्यास कटाना घ्यावा. शिवाय त्याची शक्ती ५०, २५ किंवा अर्ध्या वॉटवर आणता येते, त्यामुळे घरी रात्री वाजवताना शेजाऱ्यांशी वाद होत नाही.

पंचगंगाकाठ :
वरील मताशी सहमत आहे, पण माझ्या दृष्टीने निर्णय वजनावर आणि विजेवर व्हावा. ब्लूज ज्युनिअर सुमारे १४ किलोचा आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकीच्या पायापाशी ठेवून तो नेला की ट्यूब सॉकेटमध्ये सैल होतात. ट्यूब ॲम्प घेतलाच, तर खोक्याच्या तळाशी फोम घालावा आणि सुट्या ईएल८४ची जुळवलेली जोडी जवळ ठेवावी. परदेशातून कोणाकडून मागवत असाल, तर तो २३० व्होल्टचाच असल्याची खात्री करावी.

दोन वर्षांपूर्वी एका हॉटेलात गिटारच्या तारांवर हात असताना माझे ओठ माइकला टेकले आणि असा झटका बसला की पुढचे कडवे मी विसरलो. ॲम्पच्या सॉकेटला अर्थिंगच नव्हते, आणि माइकची साउंड सिस्टीम दुसऱ्याच बोर्डावरून चालू होती. तेव्हापासून सॉकेट तपासणारा तीन दिव्यांचा टेस्टर गिटारच्या बॅगेतच असतो. खरखर थांबावी म्हणून प्लगची अर्थची पिन काढणारे महाभाग आजही भेटतात. तसे कोणत्याही परिस्थितीत करू नये.

सहा_तारा :
दोघांचेही आभार. मला बहुतेक वेळ स्वच्छ सूरच लागतो, म्हणून कटानाकडे कल झुकला आहे. मात्र मागच्या टेबलापर्यंत आवाज पोहोचवायचा, तर तो पूर्ण उघडावा लागेल का?

जुना_वादक :
नाही. श्रोत्यांसाठी गिटार साउंड सिस्टीममधून जाऊ द्या. कटानाच्या हेडफोन-रेकॉर्डिंगच्या जॅकमधून स्पीकरचा परिणाम धरूनच सूर बाहेर येतो, त्यामुळे मिक्सरला थेट जोडता येतो. माइक लावायचा असल्यास तो स्पीकरच्या जाळीपासून दोन बोटांवर, आतल्या शंकूच्या मध्यापासून थोडा कडेला धरावा. ॲम्प केवळ तुमच्यासाठी आहे असे समजून तो खुर्चीवर ठेवा आणि मागे किंचित कलवा. गिटार स्पीकरचे वरचे सूर सरळ रेषेत जातात. जमिनीवरचा ॲम्प तुमच्या पोटऱ्यांना ऐकवतो आणि पहिल्या रांगेतल्यांचे कान फोडतो.

सहा_तारा :
समजले. रविवारी स्वतःची गिटार आणि ड्रमर, दोन्ही घेऊन दुकानात जातो. ड्रमरला तिथे वाजवू देतील की नाही, एवढीच शंका उरली आहे.