पोटातलं इंजेक्शन आणि सिरिंजमधले बुडबुडे: तुमचे अनुभव सांगा

आयव्हीएफची इंजेक्शनं घरीच घेणाऱ्या नागपूरकर मैत्रिणींनो, हा धागा तुमच्यासाठी. सिरिंजमध्ये हवा दिसली की जीव घाबरतो आणि रात्री नऊला विचारणार कोणाला? शिरेतून भरपूर हवा गेली तर धोका असतो, पण आपली ही इंजेक्शनं कातडीखालच्या चरबीत जातात. तिथे बारीक बुडबुडा शोषला जातो. खरी काळजी डोसची, कारण हवेने जितकी जागा अडवली तितकं औषध कमी जातं. तुम्ही कसं सांभाळता, लिहा.

प्रतापनगरहून
माझं पावडरचं इंजेक्शन होतं. बुडबुडे सिरिंजमध्येच होतात असं वाटतं, पण बरेचसे बाटलीतच तयार होतात. म्हणून पाणी काचेच्या कडेने हळूहळू सोडायचं, बाटली हलवायची नाही, नुसती तळहातांत फिरवायची. फेस आलाच तर बसू द्यायचा. जाड सुईने औषध ओढून घेतलं की बारीक सुई लावते. मग सिरिंज उभी, सुई वर, नखाने टिचक्या. बुडबुडे वर सरकून एकत्र आले की दट्ट्या अगदी हळू दाबायचा. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "काहून इतकी टकटक करून राहिली वं?" समजावून सांगितल्यावर त्याच रोज शेजारी टॉर्च धरून उभ्या राहायच्या. त्याचा मला फार आधार वाटला.

सक्करदऱ्याहून
इंजेक्शन आमचे हे देतात. नर्सताईंनी त्यांना एकच सांगितलं, सुईच्या टोकावर थेंब दिसला की थांबा. तिळाएवढा बुडबुडा राहिला तरी राहू द्या, त्याच्यामागे लागून महागाचं औषध सांडू नका.

मानेवाड्याहून
पेनासारखं दिसणारं, औषध भरलेलं इंजेक्शन असेल तर टोचून झाल्यावर सुई लगेच काढून टाका. लावून ठेवली की औषध गळतं आणि हवा आत शिरते.

कामठी रोडवरून
एक वेगळी गोष्ट, कृपा करून नीट वाचा. रक्त पातळ ठेवायचं एनॉक्सापॅरिनचं तयार भरलेलं इंजेक्शन काहींना सोबत असतं. पूर्ण सिरिंज घ्यायची असेल तर त्यातला बुडबुडा काढायचा नसतो. तो मुद्दामच ठेवलेला असतो, शेवटचं औषध सुईतून पूर्ण ढकलण्यासाठी. हवा काढायला गेलं की डोस जातो. अर्धीच सिरिंज सांगितली असेल तर कशी घ्यायची ते डॉक्टरांकडूनच समजून घ्या.

हिंगण्याहून
मे महिन्यात औषध दुकानातून घरी आणणं हीच मोठी काळजी. बर्फाच्या पिशवीतून आणा, पण बाटली बर्फाला टेकू देऊ नका, गोठलं की औषध वाया. फ्रीजमधून काढल्यावर थोडा वेळ बाहेर ठेवा आणि टिचक्या त्यानंतरच मारा. गार औषध कोमट होताना त्यातून पुन्हा बारीक बुडबुडे सुटतात.