गारवेल माजलीय, पण फूल एकही नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

निळी गारवेल, म्हणजे मॉर्निंग ग्लोरी, लावलेलं कुणी आहे का इथे? मी पुण्यात राहते, तिसरा मजला, पूर्वेची गॅलरी. सकाळी सात ते अकरा ऊन येतं.

बी सांगलीच्या आत्याकडचं. तिच्या कुंपणावर सकाळी निळाशार सडा असतो, दुपारपर्यंत सगळी फुलं मिटून जांभळट होतात. जूनमध्ये काळ्या तिकोनी बिया पॉलिश पेपरवर घासून रात्रभर भिजवल्या. घासलेल्या टम्म फुगल्या. तीन घासायच्या राहिल्या, त्या सकाळीही खड्यासारख्याच. कुंडी बारा इंची. दर आठ दिवसांनी शेणखताचं पाणी, मध्ये दोनदा चिमूटभर युरिया.

आता नवरात्र आलं. पानं तळहाताएवढी, तीन टोकांची, गर्द हिरवी. ग्रिल दिसत नाही. (शेंडा मी सुतळीला उलटा गुंडाळला होता, तर सकाळी सुटून लोंबत होता. या वेलीला डावीकडून उजवीकडेच चढायचं असतं, हे तेव्हा कळलं.) कळी मात्र नाही.

गंमत म्हणजे एक फांदी वॉशिंग मशिनच्या मागे डक्टकडे गेलीय. तिथे ऊन धड नाही आणि नेमक्या तिथेच मिटलेल्या छत्रीसारख्या पिळलेल्या दोन कळ्या! पुढच्या बाजूला तर रात्रीसुद्धा लख्ख असतं, सोसायटीने पार्किंगला नवा एलईडी लावलाय, आम्हाला पडदे ओढून झोपावं लागतं.

अजून एक: बिया विषारी असतात म्हणे. धाकटा दीड वर्षाचा आहे, सापडेल ते तोंडात घालतो.

प्रतिसाद

ताई, युरिया आधी बंद करा. नत्र जास्त झालं की ही वेल नुसती पाल्यावर जाते. शेणखताचं पाणीही महिनाभर नको.

पण खरा घोळ त्या दिव्याचा वाटतो. तीन टोकांचं पान असलेली ही जात रात्र लांबली की फुलते. पुण्यात जूनचा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, सप्टेंबर संपता संपता तो बारावर येतो. जपानमध्ये हिलाच आसागाओ म्हणतात. तिच्या एका जातीच्या रोपाला एकच लांब काळोखी रात्र पुरते, आणि त्याच रात्री मध्येच थोडा वेळ लाल उजेड पाडला तर कळी धरत नाही. तुमच्या वेलीला रात्र दिसलेलीच नाही. मशिनमागच्या फांदीला दिसली, ती फुटली.

बिया विषारी आहेत, खरंय. फूल गळल्यावर गोल बोंडं धरतात, ती हिरवी असतानाच खुडा. खाली पडून वाट्टेल तिथे उगवण्याचा तापही वाचेल.

धागाकर्ती

अगं बाई, दिवा! डोक्यातच आलं नाही. तो बंद व्हायचा नाही, सेक्रेटरी काकांना पत्र्याची टोपी लावायला सांगून बघते. तोवर बारदान बांधलंय, पण सकाळचं ऊनही अडतंय. रोज संध्याकाळी बांधायचं आणि सकाळी सोडायचं, असं किती दिवस?

प्रतिसाद

कळ्या दिसेपर्यंत. तीनेक आठवडे धरून चाला. एकही रात्र चुकवू नका, आणि गॅलरीतला तुमचा स्वतःचा बल्बही लावू नका.