शब्दचर्चा: ‘मेडिकल कॅनाबिस’ला मराठीत काय म्हणायचं?

अनुवादक, नौपाडा:
अपस्मार असलेल्या मुलांच्या पालकांसाठी ठाण्यातले आम्ही काहीजण एक माहितीपत्रक काढतोय. मराठी माझ्याकडे आहे. मुळात शब्द आहे ‘मेडिकल कॅनाबिस’. ‘औषधी गांजा’ लिहिलं तर घरातली आजी पत्रक मिटून ठेवणार. ‘औषधी भांग’ लिहिलं तर होळीची थंडाई आठवून सगळे निर्धास्त. त्यात ‘औषधी’ म्हटलं की आपल्याकडे ती वस्तू अडुळसा, गवती चहाच्या रांगेत जाऊन बसते. पालकांना घाबरवायचं नाही आणि भुलवायचंही नाही. शब्द सुचवा.

निवृत्त शिक्षक, कळवा:
ताई, झाड एकच, पण भाषेने त्याच्या अंगांना वेगवेगळी नावं दिली आहेत. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा, राळेचा चरस. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही हीच विभागणी आहे. गांजा म्हणजे फुलोरा. फुलोऱ्यासोबत नसलेली पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून भांगेचं नियमन राज्यांकडे राहिलं. पण कायद्याने वेगळी काढली म्हणून भांग निरुपद्रवी ठरत नाही, नशा आणणारं द्रव्य तिच्यातही असतं. आयुर्वेदात हिचं नाव विजया.
एक मात्र सांभाळा. ‘हेम्प’साठी, म्हणजे याच झाडाच्या धाग्यासाठी लावल्या जाणाऱ्या वाणासाठी, ‘अंबाडी’ लिहू नका. अंबाडी जास्वंदीच्या कुळातली, भाजी करतो ती. पानं थोडी सारखी दिसतात म्हणून तिच्या शास्त्रीय नावात ‘कॅनाबिनस’ आलं, इतकंच. तागही निराळा.

फार्मासिस्ट, ऐरोली:
सर, तुमची विभागणी झाडापुरती बरोबर आहे. पण या पत्रकात झाड आणायचंच कशाला? मुलांच्या फिट्सवर ज्याचा नीट अभ्यास झाला ते आहे शुद्ध केलेलं कॅनाबिडिओल, म्हणजे सीबीडी. नशा येते ती त्याच झाडातल्या टीएचसी या दुसऱ्या द्रव्यामुळे. अमेरिकेच्या औषध नियामकाने जून २०१८ मध्ये हे औषध मंजूर केलं ते ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या दोन दुर्मीळ, हट्टी प्रकारांसाठी. २०२०मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजारातल्या झटक्यांची भर पडली. सरसकट अपस्मारासाठी ही मंजुरी नाही.
ड्रॅव्हेवरची २०१७ची चाचणी १२० मुला-तरुणांची. औषध घेणाऱ्यांत महिन्याचे झटके मध्यकाने १२.४ वरून ५.९ वर आले. नुसतं औषधासारखं दिसणारं द्रावण घेणाऱ्यांत १४.९ वरून १४.१. हा फरक खरा आहे आणि त्या आईबापांसाठी फार मोठा आहे. पण झटके पूर्ण थांबले ते औषध घेणाऱ्यांतल्या सुमारे ५ टक्क्यांचेच. गुंगी, जुलाब, भूक मंदावणं हे त्रासही दिसले. व्हॅल्प्रोएट हे फिट्सचं नेहमीचं औषध चालू असेल तर यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, म्हणजे यकृतावर ताण येऊ शकतो; क्लोबाझम या फिट्सच्याच दुसऱ्या औषधासोबत झोप जास्त येते. डोस होता रोज वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅम. ऑनलाइन मागवलेल्या ‘विजया तेला’च्या चार थेंबांना ही चाचणी लागू होत नाही. ताई, सरळ ‘कॅनाबिडिओल’ लिहा. अवघड नावांची औषधं आपली माणसं रोज तोंडपाठ सांगतात.

वाचक, खारघर:
माझ्या यजमानांची केमो चालू आहे, म्हणून लिहिते. नातेवाईक तेलाची बाटली घेऊन येतात आणि म्हणतात, ‘कॅन्सरवर आहे’. हा ‘वर’ फार घात करतो हो. ‘तापावर गोळी’ म्हणजे ताप उतरवणारी. मग ‘कॅन्सरवर’ म्हणजे माणूस गाठ विरघळवणारं समजतो. डॉक्टरांनी मला समजावलं की केमोच्या मळमळ-उलट्यांसाठी टीएचसीसारखी औषधं आहेत, आजार बरा करणारी नाहीत. पत्रकात असा उघडा ‘वर’ ठेवू नका.

फार्मासिस्ट, ऐरोली:
अगदी बरोबर, ताई. ड्रोनाबिनॉल हे प्रयोगशाळेत बनवलेलं टीएचसी अमेरिकेत १९८५ मध्येच मंजूर झालं, ते केमोच्या उलट्यांसाठी, आणि तेही नेहमीची औषधं पुरत नसतील तेव्हा. माणसांत गाठ बरी होते, असं कोणत्याही भरवशाच्या चाचणीने दाखवलेलं नाही.

निवृत्त शिक्षक, कळवा:
आणि ‘संशोधनाने सिद्ध’? माझ्या गुडघ्यांसाठी हेच शब्द छापलेली जाहिरात आली आहे.

फार्मासिस्ट, ऐरोली:
दुखण्यात तज्ज्ञांचंच एकमत नाही, सर. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०१७च्या अहवालाने प्रौढांच्या जुनाट वेदनेत उपयोगाचा पुरावा भक्कम मानला. कोणते उपचार द्यावेत याचा सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१९ मध्ये जुनाट वेदनेसाठी टीएचसी देऊच नका असं सांगितलं आणि सीबीडी फक्त चाचण्यांपुरतं ठेवलं. वेदनेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २०२१ मध्ये पाठिंबा नाकारला. चाचण्या लहान, मुदती आखूड, आणि गुंगी आली की रुग्णाला आपल्याला कोणतं औषध मिळालंय ते कळतं. इथे ‘सिद्ध’ लिहिणं चूकच. ‘काही चाचण्यांत थोडा आराम आढळला’ एवढंच म्हणता येईल.

अनुवादक, नौपाडा:
सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य असं केलंय: ‘कॅनाबिडिओल हे भांग-गांजाच्या झाडात सापडणारं, पण नशा न आणणारं द्रव्य आहे. अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांत इतर औषधांच्या जोडीने ते दिल्यास झटके कमी होऊ शकतात.’ शीर्षकात ‘औषधी’ नाही, ‘गांजा’ही नाही.

फार्मासिस्ट, ऐरोली:
‘जोडीने’ शब्द ठळक छापा. आणि खाली एक ओळ हवीच: चालू असलेलं औषध डॉक्टरांना न विचारता बंद करू नका, एकदम बंद केलं तर झटके वाढतात.