जुन्या जीपचे स्टिअरिंग सैल: बॉक्स आवळावा की आधी सांधे तपासावेत?

प्रश्न:
माझ्याकडे 1990 च्या दशकातली, पाट्यांवरची (लीफ स्प्रिंगवरची) आणि अखंड पुढचा अ‍ॅक्सल असलेली फोर-व्हील ड्राइव्ह जीप आहे. तिला पॉवर स्टिअरिंग नाही. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तीन-चार बोटे इकडेतिकडे फिरवले तरी चाके जागची हलत नाहीत, आणि ताशी 60 किलोमीटरच्या आसपास पुढचे चाक खड्ड्यात आपटले की सगळा पुढचा भाग थरथरू लागतो. वेग अगदी कमी केल्यावरच ते थांबते. पुढच्या टायरची नक्षी करवतीसारखी झिजली आहे. अलाइनमेंट करून घेतले, पण फरक पडला नाही. आता स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळावा, असा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

पहिले उत्तर:
एवढ्यात मानू नये. बॉक्समधले दाते सरळ स्थितीत सर्वांत जास्त झिजतात. तिथला प्ले (सैलपणा) पूर्ण जाईपर्यंत स्क्रू आवळला, तर वळवताना बॉक्स जड होतो आणि घाटातले वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही. प्ले नेमका कुठे आहे, हे आधी डोळ्यांनी पाहावे. चाके जमिनीवरच ठेवून एकाने स्टिअरिंग थोडे-थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली बसून बॉक्सपासून चाकापर्यंत एकेका सांध्यावर बोट ठेवून पाहावे: ड्रॅग लिंक (बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा), टाय रॉड एन्ड (दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्याची टोके), शॅकलचे बुश (पाट्यांच्या टोकाला असलेल्या झुलत्या कडीतल्या पुंगळ्या). ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तो गेलेला आहे. बॉक्स जिथे चेसिसला बसतो, तिथला भाग घासून स्वच्छ करून मगच पाहावा, कारण चिखलाखाली तडा दिसत नाही. तडा सापडला, तर वेल्डिंग होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.

नंतर अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, चाक वर-खाली धरून हलवावे. प्ले जाणवला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाचे बेअरिंग सैल आहे. तसाच राहिला तर संशय किंगपिनवर, म्हणजे चाक ज्या उभ्या खिळीवर वळते तिच्यावर. थरथरीचे मूळ बहुधा इथेच सापडते. स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा भाग) नवा घातल्याने ती काही काळ दबते, पण झीज तशीच राहते.

दुसरे उत्तर:
वरील क्रमाशी मी पूर्णपणे सहमत आहे. अशा अ‍ॅक्सलवर अलाइनमेंटमध्ये सहज बदलता येतो तो फक्त टो, म्हणजे वरून पाहता पुढची चाके किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते. सैल सांध्यांवर तो लावला, तर गाडी चालू लागताच बदलतो. आपल्या टायरची करवती झीज टोकडेच बोट दाखवते, पण तो शेवटी लावावा. दोन्ही बाजूंना पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर टेपने मोजून पाहावे. फरक आला तर पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकलेला असू शकतो. गाडीची उंची वाढवून घेतली असेल, तर कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी झाल्यानेही ती सरळ धावत नाही. त्यावर पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचरी घालण्याचा उपाय आहे.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे तपासले. ड्रॅग लिंकचा एक सांधा गेलेला आहे, आणि डाव्या चाकाचा प्ले ब्रेक दाबूनही तसाच राहतो. किंगपिनच्या शिम (पातळ चकत्या) कमी करून भागेल का?

पहिले उत्तर:
बेअरिंगच्या वाट्यांवर खड्डे पडले असतील, तर शिम कमी करून भागणार नाही. वरचे-खालचे बेअरिंग वाट्यांसह बदलावे, शिम वर-खाली शक्य तितक्या सारख्या ठेवाव्यात आणि टाय रॉड सोडून, नकल (किंगपिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) फिरवायला लागणारा जोर स्प्रिंग काट्याने मोजून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहावा. उजवी बाजूही त्याच वेळी उघडावी.