स्क्रबरवर शेवाळ धरत नाही, काय चुकतंय? (बजेट ५०० रु.)

खारा_वारा: २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी. संपमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) घरीच धबधबा स्क्रबर केलाय: जाळीवरून पाणी सोडायचं, तिच्यावरचं शेवाळ पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट शोषतं, वाढलं की काढून टाकायचं. भरतकामाची प्लास्टिक जाळी २० सेंमी रुंद, २५ उंच. पंपावर ७०० लि./तास छापलंय. दोन्ही बाजूंना १० वॅटचे पांढरे एलईडी, २४ तास चालू. सहा आठवड्यांत नुसता पिवळट रबरी थर, खालचे कोपरे कोरडे. नायट्रेट २०, फॉस्फेट ०.०३. माशांना खाणं रोज एक फ्रोझन क्यूब (गोठवलेल्या खाद्याची वडी).

रीफवाला: स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) घ्या, आठ-दहा हजारांत चांगला येतो. कटकट मिटते.

पाणकोंबडा: ते म्हणतायत ५००, तुम्ही निघालात दहा हजाराला! पाणी कमी पडतंय. रुंदीच्या दर सेंमीला ५०-५५ लि./तास लागतं, म्हणजे तुम्हाला हजाराच्या वर. छापलेला आकडा शून्य उंचीवरचा असतो, पाणी वर चढवलं की कमी येतं. पाईपच्या तोंडाशी ५ लिटरचा डबा धरून सेकंद मोजा.

लालदिवा: पंप राहू दे, आधी दिवे बदला. ६६० नॅनोमीटरचे लाल, जाळीपासून ५-१० सेंमीवर.

पाणकोंबडा: वॉर्म व्हाइटवरही हिरवंगार येतं. आणि पिवळं रबर म्हणजे उजेड जास्त, खुराक कमी. उजेड कमी असता तर काळपट आलं असतं.

शेवाळकाकू: जाळी घासली होती का? गुळगुळीत प्लास्टिकवर शेवाळाची पकड तगत नाही. हॅकसॉच्या पात्याने दोन्ही बाजू निवडुंगासारख्या काटेरी करायच्या.

खारा_वारा: घासली होती. डबा ४० सेकंदांत भरला.

शेवाळकाकू: म्हणजे ४५० लि./तास. मग पंप नको, जाळी कापा. रोजच्या एका क्यूबला दोन्हीकडून उजेड पडणारी ७७ चौ. सेंमी जाळी पुरते, तुमची ५०० आहे! ८ × १० ची ठेवा, हाच पंप सेंमीला ५६ देईल. पाईपचा नवा तुकडा, टोकाला एण्ड कॅप (बूच), जाळी बसते आणि पाणी पडतं ती ३ मिमीची खाच फक्त ८ सेंमी. खाचेवर उजेड पडू देऊ नका, नाहीतर शेवाळ आत शिरून ती बुजते. रबर मुळापासून खरवडा. दिवे ९ तास, जाळी हिरवी झाली की हळूहळू १८ पर्यंत. मग ७-१० दिवसांनी काढणी, नळाखाली धुऊन. तळाशी थोडं राहू द्यायचं.

लालदिवा: टाकीतलं शेवाळ चोळा जाळीवर, लवकर धरेल. आणि दिवे लालच.

पाणकोंबडा: चोळून काही होत नाही, बीजाणू पाण्यात असतातच. बाकी काकूंचं बरोबर, पाणी कमी हे मी आधीच म्हटलं होतं.

रीफवाला: स्किमरला कात्री लागत नाही.

खारा_वारा: सगळ्यांचे आभार. एवढी घासलेली जाळी कापवत नाही. २००० लि./तासचा पंप मागवला, १४०० ला. टायमर मात्र ९ तासांवर लावलाय.

शेवाळकाकू: कोपरे भिजतील, रबर तसंच राहील. पंपाचं बिल जपून ठेवा.