रेडिटच्या थर्ड पार्टी अ‍ॅपला दरमहा पैसे भरावेत का?

पायवाट:
रेडिट, म्हणजे लोक विषयवार ग्रुपमध्ये पोस्टी टाकतात ती साइट, मी बरीच वर्षं रिले नावाच्या बाहेरच्या डेव्हलपरच्या (थर्ड पार्टी) अ‍ॅपवरूनच वाचतो, कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप कधी टाकलंच नाही. 2023 पर्यंत असल्या बहुतेक अ‍ॅपचा हिशोब सोपा होता, जाहिराती बघत फुकट वापरा नाहीतर एकदाच पैसे भरून मोकळे व्हा. मग त्या वर्षी रेडिटने एपीआयला, म्हणजे बाहेरची अ‍ॅप जिथून रेडिटचा डेटा मागतात त्या सोयीला, दर लावला, 1000 कॉलना (डेटाच्या मागण्यांना) 24 सेंट. दर 31 मेला कळला, लागू 1 जुलैपासून. अपोलो, सिंक, रिफ, बेकनरीडर सगळे बंद पडले, आणि रिले, नार्व्हल, इन्फिनिटी टिकले ते मासिक वर्गणी लावून. परवा ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की "हे अ‍ॅपवाले लुटतायत, दुसऱ्याचा माल विकून महिन्याला पैसे मागतात". मला हे अजिबात पटलं नाही. आपण प्रत्येक वेळी फीड खाली ओढतो, कमेंट उघडतो, व्होट देतो तेव्हा कॉल जातो आणि त्याचं बिल डेव्हलपरला येतं. एकदाच घेतलेल्या पैशात तो दर महिन्याचं बिल कुठून भरणार? मी भरतोय आणि भरत राहणार.

कोरा कागद:
असहमत. डेव्हलपर लुटतोय असं मीपण म्हणत नाही, पण तुम्ही भरलेले पैसे शेवटी जातात कुणाकडे ते बघा ना. ज्या पोस्टी वाचायला तुम्ही पैसे देताय त्या तुमच्या आमच्यासारख्यांनीच फुकट लिहिल्यात, त्यातली घाण मॉडरेटर लोक फुकट साफ करतात, आणि तेच परत आपल्याला मोजून विकतात. अशा दराला पैसे भरणं म्हणजे त्याला मान्यता देणं. जून 2023 मध्ये या दराच्या निषेधात 8000 च्या वर सबरेडिट (रेडिटवरचे विषयवार ग्रुप) बंद ठेवले होते लोकांनी, ते काय उगाच?

सातारकर 7:
सर्व्हर फुकट चालतात का पण? थर्ड पार्टी अ‍ॅपमध्ये रेडिटच्या जाहिराती दिसत नाहीत, म्हणजे तिथून वाचणाऱ्याचा खर्च कंपनीला आणि कमाई शून्य. इतकी वर्षं फुकट दिलं हेच जास्त होतं. शिवाय एआय कंपन्या सगळा डेटा उचलून नेत होत्या, त्यांना अडवायचं तर कुठेतरी दार लावावंच लागणार.

कोरा कागद:
दार लावा हो, पण एआयवाला आणि वाचणारा माणूस यांना एकाच तराजूत कशाला घालता? अपोलोच्या डेव्हलपरने, ख्रिश्चन सेलिगने, आकडे उघड मांडले होते. त्याच्या अ‍ॅपचे महिन्याला 700 कोटी कॉल, म्हणजे नव्या दराने साधारण 17 लाख डॉलर महिना, वर्षाला 2 कोटी. आणि तयारीला महिना! त्याच्याकडे वर्षाचे पैसे आधीच भरलेले हजारो लोक होते, त्यांचे रिफंडच अडीच लाख डॉलरच्या घरात जात होते. एवढा कमी वेळ दिला तर अ‍ॅप बंदच पडणार हे काय कळत नव्हतं?

पायवाट:
मुदतीचं शंभर टक्के मान्य, ते चुकलंच. पण त्याच सेलिगचा दुसरा आकडा बघा, सरासरी माणूस दिवसाला 344 कॉल करतो, त्याचे महिन्याला अडीच डॉलर होतात. त्यावर प्ले स्टोअरचा कट, टॅक्स, मग डेव्हलपरचं काम. म्हणजे तीन-चार डॉलर मागणारा माणूस लोभी नाहीये, बहुतेक रक्कम त्याच्या हातातून पुढे जाते. रिलेने तर दिवसाच्या कॉलनुसार टप्पे केलेत, कमी वाचता तर कमी भरा. मला हे सगळ्यात प्रामाणिक वाटतं, कारण आपण नक्की कशाचे पैसे देतोय ते दिसतं.

धुकं:
मला तीन-चार डॉलर म्हणजे अडीचशे-साडेतीनशे रुपये झाले, तेवढ्यात माझा मोबाइलचा रिचार्ज होतो. अमेरिकेतल्या माणसाला ती एक कॉफी असेल, मला नाही. पुण्याचं नाहीतर मुंबईचं सबरेडिट वाचायला मी एवढे भरू? भरणारे भरोत, पण न भरणाऱ्याला फुकटा म्हणू नका एवढंच म्हणणं आहे.

सातारकर 7:
धुकं, कोणी फुकटा म्हणत नाहीये. अधिकृत अ‍ॅप आहे की फुकट, जाहिराती बघायच्या.

मिणमिण:
"अधिकृत अ‍ॅप आहे की" हे वाक्य जरा जपून वापरा. ज्यांना दिसत नाही ते फोन स्क्रीन रीडरवर ऐकून चालवतात, आणि 2023 मध्ये अंध लोकांच्या सबरेडिटवर हीच मोठी तक्रार होती, की अधिकृत अ‍ॅप नीट वाचून दाखवत नाही, मॉडरेशन करणं तर फारच अवघड. ओरड झाली तेव्हा कुठे रेडरीडर, डिस्टोपियासारख्या बिनव्यापारी अ‍ॅपना सूट मिळाली. म्हणजे मनात आणलं तर सूट देता येते. मग मॉडरेटरला आणि साध्या वाचकाला काही कॉलपर्यंत फुकट, त्यापुढे पैसे, असं का नाही करता आलं?

कोरा कागद:
मिणमिण, +1. आणि सातारकर, कंपनी बुडत होती म्हणून दर लावला असं धरलं तरी, शेअर बाजारात येताना 2024 मध्ये त्यांनीच कागदोपत्री सांगितलं की डेटा परवान्याचे, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना डेटा वापरू देण्याचे, 20 कोटी 30 लाख डॉलरचे करार झालेत. तो डेटा म्हणजे आपलं लिहिणं. त्यातलं काही लिहिणाऱ्याकडे आलं नाही, उलट वाचायचा दर वाढला.

पायवाट:
तुमचा राग बरोबर आहे, पण तो डेव्हलपरवर काढू नका. जानेवारी 2023 मध्ये ट्विटरने तर दरसुद्धा सांगितला नाही, ट्वीटबॉट आणि ट्विटरिफिक ही बाहेरची अ‍ॅप एका रात्रीत बंद पडली आणि नियम नंतर बदलले. ट्वीटबॉटवाल्यांनी मग ट्विटरसारख्याच मॅस्टोडॉन या नेटवर्कसाठी आयव्हरी नावाचं अ‍ॅप काढलं, तेही वर्गणीवर. आपण ही अ‍ॅप सोडली तर उद्या प्रत्येक ठिकाणी कंपनीचं एकच अ‍ॅप उरेल.

धुकं:
हे पटलं. रिलेचा सगळ्यात खालचा टप्पा दिवसाला किती कॉल देतो? मी सकाळी बसमध्ये अर्धा तास वाचतो, तेवढंच.